सेटअपचा पासवर्ड

१

२००६ च्या ऑगस्टात आमच्या फीडरचं, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या लाइनचं, भारनियमन सकाळी सहा ते दहा आणि दुपारी दोन ते सहा असं होतं. गावाबाहेर धानाच्या बांध्यांमध्ये तेहतीस केव्हीचं उपकेंद्र आहे, तिथे मी ऑपरेटर. माझी पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. आल्या आल्या ब्रेकर उघडून गावाची लाइन बंद करायची आणि सहाला ती पुन्हा सुरू करायची, दोन्ही वेळा लॉगशीटवर लिहायच्या. लाइन बंद असली की पॅनेलवर हिरवा दिवा असतो, सुरू केली की लाल. सकाळची पाळी दसरूची.

घरी मी आणि मंजुषा. तिची आई सुगंधा नर्स आहे आणि तिची बदली भामरागडला झाली होती. जुलैत पुलावरून पाणी गेलं तेव्हापासून तिकडचा रस्ता बंद होता, फोनही लागत नव्हता. मंजू बारावीला. तिच्या अभ्यासासाठी जूनमध्ये कॉम्प्युटर घेतला आणि मागच्या खोलीत ठेवला. तिथे आधी धान भरत असू. एक खिडकी, एक दार, आणि भिंतीतल्या फळ्यांवर माझ्या रोजनिशीच्या वह्या. एकोणीस वर्षांच्या.

नऊ ऑगस्टला सकाळी मी जेवत होतो. मंजू कॉलेजात होती. बरोबर दहाला डोक्यावरचा पंखा फिरायला लागला, आणि मागच्या खोलीतून एकदा बारीक 'पीं' असा आवाज आला. जाऊन पाहिलं तर कॉम्प्युटर चालू झालेला. बटण कोणी दाबलं नव्हतं.

वाजिदला फोन केला. त्याचं चंद्रपूरला दुकान आहे, मशीन त्यानेच जोडून दिलं होतं.

"काही नाई बापूभाऊ," तो म्हणाला. "चालू होताना डिलीटचं बटण दाबून धरा, निळा पडदा येईन. त्याले सेटअप म्हणते. त्यात एक ओळ आहे, लाइट जाऊन परत आली तर मशीननं काय करावं. ती 'चालू'वर असन. 'बंद'वर करा. झालं."

तसंच होतं. मी ती ओळ 'बंद'वर केली आणि वहीत लिहिलं.

२

दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा 'पीं'. सेटअप उघडून पाहिलं. ओळ 'चालू'वर.

मी ती बदलली, नीट साठवली, मशीन बंद करून परत उघडून पाहिली. 'बंद'. तिसऱ्या दिवशी सकाळी 'चालू'.

वाजिदचं म्हणणं पडलं की आतला सेल गेला असेल. सेल गेला की सेटअपमधलं सगळं विसरतं आणि मूळ जागी जातं. रविवारी मूल गावात त्याचं काम होतं, तिथून तो मोटारसायकलवर आमच्याकडे आला, डबा उघडला आणि रुपयाएवढा नवा सेल बसवला. मी शेजारी टॉर्च धरून उभा होतो.

"पण वाजिद, सेल गेला असता तं तारीख अन् टाईमही गेला असता न?"

"जाते न."

"तारीख बरोबर होती. टाईम माह्या घड्याळाशी सेकंदानं मिळत होता. फक्त ती एकच ओळ बदलते."

वाजिदने पेचकस खिशात टाकला आणि हसला. "तुमी भाऊ कॉम्प्युटरची बी लॉगशीट ठेवून राह्यले. मशीन नाई बदलत कायी. माणूस बदलवते. पोरीले विचारा."

सोमवारी सकाळी दहाला पीं झालं.

३

संध्याकाळी सहानंतर मशीनवर मंजूच बसायची, तेव्हा विचारायला दुसरं कोणी नव्हतं. मी शांतपणे विचारलं, असं मला वाटतं. तिला तसं वाटलं नाही.

"मी काऊन बदलू बाबा? मले तं ते निळं कायचं तेही माहीत नाई."

"मग कोण बदलवते? घरात दोघंच आहो आपण."

"मले काय माहीत. तुमीच झोपेत करत असान."

"मंजे, नीट बोल."

"नीटच बोलून राह्यली. तुमाले सगळं वहीत लिवा लागते न? लिवा मंग, मंजूनं केलं. विषय संपला."

वाजिदला फोनवर सेटअपला पासवर्ड लावण्याबद्दल विचारलं तर त्याला ते फारसं पटलं नाही. बँकेत, कॉलेजात लावतात. घरच्या मशीनला कशाला? विसरलात तर डबा खोलून सेल काढावा लागेल. वर हेही म्हणाला, "अन् घरातल्या माणसाले वाटते न भाऊ, का कुलूप आपल्याचसाठी लावलं." पण मला खरं काय ते हवं होतं. कुलूप लावल्यावर ओळ बदलली नाही तर मंजूचं काम, बदलली तर मशीनचा दोष. दोन्हीकडून उत्तर मिळणार होतं.

एक गोष्ट त्याने बजावून सांगितली. पासवर्ड तीन वेळा चुकला की मशीन तिथेच थिजतं, बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय हलत नाही.

मी पासवर्ड लावला. मंजू दारात उभी राहून पाहत होती.

"मले तरी सांगा. प्रोजेक्ट सोमवारी द्याचं आहे, मधीच अडलं तर?"

"प्रोजेक्टले तो लागत नाई. फक्त सेटअपले लागते."

"म्हणजे नाई सांगत."

"नाई."

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला बसली, आधीच घासलेली. पासवर्ड मी रोजनिशीतही लिहिला नाही. एकोणीस वर्षांत घरातली लिहायची राहिलेली ती पहिलीच गोष्ट.

४

सतरा ऑगस्ट, गुरुवार. मंजू पावणेसातला कॉलेजात गेली. मी मागची खोली झाडली, मशीन बंद आहे हे पाहिलं आणि बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसलो. खोलीचं दार माझ्यासमोर होतं. दहाला पंखा फिरला, आतून पीं झालं. मी उठून आत गेलो. आठ पावलं.

पडद्यावर पासवर्डची चौकट होती आणि तिच्याखाली लाल अक्षरांत मशीन थांबवल्याचा निरोप. तीन वेळा चुकलं होतं.

डिलीट दाबल्याशिवाय ती चौकट येत नाही. मी कीबोर्ड उलटा करून झटकला, एखादं बटण अडकलंय का पाहिलं, मशीनच्या मागच्या सगळ्या वायरी पुन्हा बसवल्या. पाली, उंदीर, ओल, सगळ्यांचा विचार केला. उंदीर डिलीट दाबेल, पण वेळेवर दाबणार नाही.

शुक्रवारी तेच. फक्त आता मंजूचं नाव घ्यायला जागा राहिली नव्हती. ती दोन्ही दिवस कॉलेजात होती आणि घरात मी एकटा होतो. तिला तसं सांगायला हवं होतं. दुपारी ती आली, ताट वाढून घेतलं, माझ्याकडे पाठ करून जेवली.  उद्या बोलू म्हटलं.

शनिवारी मी दहा वाजायला पाच मिनिटं असताना रांगोळीचा डबा आणला आणि चहाच्या गाळणीतून कीबोर्डवर पातळ थर पाडला. खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ टेकून बसलो. पंखा, मग पीं. मग बटणं दाबली जाण्याचा आवाज, हलका आणि एका लयीत, घाई नसलेला. थांबला. पुन्हा तेवढाच. थांबला. पुन्हा तेवढाच.

मी तिसऱ्यानंतर दार उघडलं. आधी का उघडलं नाही, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं.

बटणांवरची रांगोळी होती तशी होती. बोट, पंजा, शेपूट, कसलीच खूण नाही. पण काही बटणांच्या चारी कडांनी रांगोळी आत फटीत उतरली होती, वाळूत काही बुडालं की भोवतीची वाळू सरकते तशी. वरून दाबलं तर थर मोडतो. हा मोडलेला नव्हता. बटणं खालून ओढली गेली होती.

मी ती बटणं कागदावर टिपून घेतली. डिलीट आणि एंटर सोडून पाच: ए, जे, एम, एन, यू. क्रम कळायला मार्ग नव्हता, पण त्या पाच अक्षरांचं माझ्या घरातलं एकच नाव बनत होतं.

बापाने मुलीचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं असेल, असा अंदाज कोणीही केला असता. मी स्वतःला तेवढंच सांगितलं. मग प्लग भिंतीतून उपसला आणि वायर गुंडाळून मशीनवर ठेवली.

५

दुपारी निघताना मंजूला म्हणालो, "मागच्या खोलीत जाऊ नको."

"आता खोलीतही नाई? परवा प्रोजेक्ट आहे बाबा."

"मी आलो का पाहू."

"तुमी दहाले येता. तवापर्यंत मी काय करू, तुमच्या वह्या वाचू?"

तिचे डोळे भरले होते. मी सायकल काढली.

उपकेंद्रात दोनला लाइन बंद केली. त्या दुपारी पाऊस नव्हता, हवाही नव्हती. ट्रान्सफॉर्मरची घरघर आणि बांधीतली बेडकं. साडेचारच्या सुमारास फोन वाजला.

"बाबा."

"बोल मंजू."

"मशीन चालू केलं मी. राग नका करू. पण ते पासवर्ड मागून राह्यलं."

"तुले म्हटलं होतं न खोलीत जाऊ नको."

"प्रोजेक्ट आहे न बाबा." मग हळू आवाजात, "सांगा न. माह्यावर भरोसा नाई काय तुमचा?"

तीन दिवसांपासून मला जे बोलायचं होतं ते एकदम बाहेर आलं. म्हटलं, "चूक माझी होती बाई. तू केलं नव्हतं, मले समजलं." आणि मी पासवर्ड सांगितला. एकेक अक्षर, सावकाश.

"बरं," ती म्हणाली.

तिच्या मागून मला पीं ऐकू आलं. मग मी मान वर केली आणि पॅनेलकडे पाहिलं.

हिरवा दिवा. काटा शून्यावर. सहाला अजून दीड तास होता आणि आख्ख्या गावात कुठेही लाइट नव्हती.

"मंजू," मी म्हणालो, "पंखा फिरते काय?"

फोन ठेवल्याचा आवाज आला.

६

दसरू उपकेंद्रामागच्या क्वार्टरमध्ये राहतो. त्याला झोपेतून उठवून पॅनेलसमोर बसवलं आणि मी सायकल हाणली. घराला बाहेरून कडी होती. शेजारच्या बायनाबाईच्या ओसरीवर मंजू बरबटीच्या शेंगा सोलत बसली होती.

"काय झालं भाऊ, असे घामाघूम?" बायनाबाई म्हणाली.

"मंजू, तू फोन केला होता मले?"

"मी? नाई." ती रागातच होती, पण माझा चेहरा पाहून तिने सूप खाली ठेवलं. "मी तुमी गेल्यापासून इथीच आहो. विचारा मावशीले."

"इथीच आहे न पोरगी," बायनाबाई म्हणाली. "एकलीले घरात करमत नाई म्हणे."

मी एकटाच घरात गेलो. मागच्या खोलीत प्लग बाहेर होता, वायर मी गुंडाळली तशीच मशीनवर. पडद्याच्या काचेला हात लावला. कोमट होती. दिवसभराची उष्णता असेल, असं मी त्याच दिवशी वहीत लिहिलं आहे. भिंतीला हात लावला होता, ती गार होती, हेही लिहिलं आहे.

मंजूला मी त्याच संध्याकाळी बसमध्ये बसवलं. कॉलेजात तिला ताप असल्याचं कळवलं. ती एका ओळखीच्या घरी गेली. तिथे फोन आहे आणि माणसं भरपूर आहेत. जाताना तिने विचारलं, "बाबा, झालं तरी काय?" मी म्हटलं, मशीन बिघडलंय, शॉक लागतो. तिने ते मानलं नाही, पण माझा हात धरून बसली होती, बस हलेपर्यंत.

मशीन सोमवारी मालाच्या गाडीने वाजिदकडे पाठवलं. त्याचा बुधवारी फोन आला.

"बापूभाऊ, तुमी सांगितलेला पासवर्ड घेतच नाई. तुमीच बदलला असन."

"मी नाई बदलला."

"मंग मी सेल काढून सगळं साफ केलं. आता सब मूळ जागी आहे. मशीन एकदम मस्त आहे भाऊ, कायीच दोष नाई. पाठवू काय?"

"ती ओळ कशावर आहे?"

कीबोर्डचा आवाज आला. "चालूवर. पण ते मूळचंच असते."

मी म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच.

७

गुरुवारी साडेचारला उपकेंद्राचा फोन वाजला. तो उचलावाच लागतो. वरून लाइनचे आदेश त्याच्यावरच येतात.

"वरोऱ्याले?" मंजूचा आवाज.

वरोऱ्याला माझी बहीण असते. मी बोललो नाही.

"मार्कंड्याले?"

मार्कंड्याला सुगंधाचे काका.

"भामरागडले?"

मग फोन बंद झाला.

मी घरी जाऊन टेलिफोनची वायर भिंतीतून काढली आणि घराला कुलूप लावून दसरूकडे राहायला गेलो. शुक्रवारी साडेचारला पुन्हा तीन गावं. शनिवारी तीन. आमच्या नात्यातली, ओळखीतली, मी कधी कुणाच्या लग्नाला वा मयतीला गेलो ती. आवाजात राग नव्हता, घाई नव्हती. प्रत्येक नावानंतर ती तेवढंच थांबायची. मी हुंकार देत नव्हतो, श्वासही सारख्या लयीत ठेवत होतो. गप्प माणसाकडून बरोबर की चूक हे कोणाला कळू शकत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मंजू कुठे आहे ते मी दसरूला, वाजिदला, बायनाबाईला सांगितलेलं नाही. या वहीतही लिहिलेलं नाही.

आज मंगळवार, एकोणतीस. साडेचारला फोन आला. तिने एक नाव घेतलं आणि नेहमीएवढीच थांबली. मी काही केलं नाही. माझी खात्री आहे, मी काहीच केलं नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी लगेच त्या घरचा नंबर फिरवला. खूप वेळ रिंग गेली. मग उचलला.

"बाबा? मी मंजू. आत्ताच लाइट आली इथी."

ते गाव आमच्या फीडरवर नाही. तिथे किती वाजता लाइन येते मला माहीत नाही. येत असेल, साडेचारला.

"घरातले बाकीचे कुठी आहे?"

"बाहेर आहे सगळे. मी आतल्या खोलीत आहो. काऊन?"

तिला काहीतरी विचारायला हवं होतं, फक्त मंजूच सांगू शकेल असं. तिच्या टाचेवरची खूण कशाची, पहिलीत ती कुणाच्या घरी हरवली होती, आईला कोणत्या नावाने हाक मारायची. एकेक प्रश्न मनात आला आणि एकेक मी सोडून दिला. ते सगळं मी लिहून ठेवलं आहे. तारखेनिशी, एकोणीस वर्षांचं, त्या मागच्या खोलीतल्या फळ्यांवर. न लिहिलेला एकच शब्द माझ्याकडे होता, आणि मंजूने तो मागितला तेव्हा मी तिला दिला नव्हता.

"बाबा," तिकडून आवाज आला, "बोला न. असे गप्प काऊन आहे?"